अण्णांना चेंडू परत द्या, फक्त पळू देऊ नका

कोल्हापुरातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. वडील, म्हणजे अण्णा, ६३ वर्षांचे, एसटीतून निवृत्त. तरुणपणी पेठेच्या फुटबॉल संघातून डाव्या बगलेला, विंगर म्हणून खेळायचे. आता बीपीची आणि साखरेची गोळी चालू आहे, जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो. दोन महिन्यांपूर्वी नातवाबरोबर खेळताना चेंडूमागे एकदम धावले आणि मागून कुणीतरी पोटरीवर दगड मारला असं वाटून खाली बसले. तेव्हापासून चेंडू माळ्यावर गेला. डॉक्टरांनी ‘रोज फक्त चाला’ म्हणून सांगितलं, पण अण्णा चार दिवस गेले आणि पाचव्या दिवसापासून सोफ्यावर. इकडे त्यांचे जुने सवंगडी संध्याकाळी टर्फ भाड्यानं घेऊन खेळायचं ठरवतायत आणि रोज फोन करतायत. ताई विचारतात, जाऊ द्यायचं का?

जाऊ द्या. पण या आठवड्यात नाही, आणि मित्रांनी जसं ठरवलंय तसंही नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत पन्नाशी-साठीतले जुने खेळाडू खूप असतात आणि त्यांच्यातल्या बहुतेकांची दुखापत एकाच क्षणाची असते: अंग थंड, चेंडू समोर, आणि पहिली धाव. त्यांना खेळ बाधत नाही, ती धाव बाधते. म्हणून धाव काढून टाकून बाकी सगळा खेळ शाबूत ठेवणारा प्रकार मी सुचवतो. त्याला वॉकिंग फुटबॉल म्हणतात, म्हणजे चालत खेळायचा फुटबॉल. त्याबद्दल सविस्तर लिहितो, पण आधी त्या पोटरीचं बघू.

मागून दगड मारल्यासारखं वाटणं ही पोटरीचा स्नायू फाटल्याची अगदी ठरलेली खूण आहे. बहुतेक वेळा पोटरीच्या आतल्या बाजूचा मोठा स्नायू, जिथं तो खाली पातळ होत जातो तिथं थोडासा फाटतो. तो भरून येतो. पण तशीच कळ टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, तुटल्यावरही येते आणि ते प्रकरण वेगळं. त्याची तपासणी सोपी आहे. माणसाला पालथं झोपवायचं, पावलं पलंगाच्या कडेबाहेर सोडायची आणि पोटरी हातानं हळूच दाबायची. टेंडन शाबूत असेल तर पाऊल आपसूक खाली झुकतं. पाऊल हललंच नाही तर त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे. दोन महिने होऊन गेले तरी ही तपासणी एकदा करून घ्या, कारण टेंडन तुटलेली माणसं लंगडत का होईना चालतात आणि ‘लचक भरली असेल’ म्हणून महिनोन्‌महिने काढतात. आणखी एक. पोटरी सुजलेली, गरम, दाबल्यावर दुखरी असेल तर रक्ताची गुठळी नाही ना, हे डॉपलर सोनोग्राफी करून बघावं लागतं. अशा पोटरीला तेल लावून चोळून घेऊ नका. आणि त्या सुमारास अण्णांना कसल्या तरी संसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा लिव्होफ्लॉक्सॅसिन दिलं होतं का, तेही आठवून बघा. या गटातल्या औषधांनी टेंडन कमजोर होऊन तुटण्याचा धोका वाढतो, साठीपुढे आणि सोबत स्टेरॉइड चालू असेल तर जास्तच.

आता धावच का नको, ते सांगतो. चालताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या साधारण एक ते दीडपट भार जमिनीकडून पायावर येतो. धावताना तो दोन ते तीन पट होतो. ७८ किलोच्या माणसाला हा फरक गुडघ्यात जाणवतो, पण त्याहून जास्त तो पोटरीला सोसावा लागतो, कारण धावताना शरीर पुढे ढकलायचं मुख्य काम तिचंच. आणि वय वाढतं तसं पायातली ताकद सगळीकडे सारखी कमी होत नाही. घोट्याचा, पोटरीचा जोर आधी जातो आणि माणूस नकळत ते काम मांडी आणि कमरेवर ढकलतो. साध्या चालण्यात हे कळतच नाही. अण्णांना वाटतं पाय ठणठणीत आहेत. चेंडू सुटला की पंचविशीत शिकलेली हालचाल जशीच्या तशी बाहेर येते आणि ती पेलणारी पोटरी मात्र आता ६३ वर्षांची असते. जो कधी खेळलाच नाही त्याच्यापेक्षा जुन्या खेळाडूला हा धोका जास्त, हे घरच्यांनी लक्षात ठेवावं.

मग ‘फक्त चाला’ हा सल्ला चुकीचा होता का? नाही, सल्ला बरोबर होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम, आणि पासष्टीपुढे तीन दिवस तोल सांभाळण्याचा आणि ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. चालण्यानं पहिली गरज भागते. पण अण्णा चालायला जात नाहीत, आणि न घेतलेल्या गोळीचा गुण येत नाही. रंकाळ्यावर एकट्यानं फेऱ्या मारणं ज्यांना जमतं त्यांनी जरूर माराव्यात. ज्याचं सगळं तारुण्य अकरा जणांत गेलं, त्याला त्यात राम वाटत नाही. ‘संध्याकाळी सहाला ये, एक माणूस कमी पडतोय’ असा फोन आला की मात्र तोच माणूस साडेपाचला बूट घालून दारात उभा असतो.

हे फक्त माझं निरीक्षण नाही. स्कॉटलंडमध्ये व्यावसायिक फुटबॉल क्लबांच्या मैदानांवर ३५ ते ६५ वयाच्या जाड पुरुषांसाठी १२ आठवड्यांचा कार्यक्रम घेतला गेला आणि त्याची रीतसर चाचणी २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. ७४७ पुरुष, १३ क्लब. वर्षभरानंतर कार्यक्रमातल्या पुरुषांचं वजन, बाकीच्यांच्या तुलनेत, सरासरी जवळपास पाच किलोनं जास्त उतरलं होतं. आहाराचे आणि चालण्याचे धडे त्यात साधेच होते. हे पुरुष एरवी वजन कमी करायच्या वर्गाला फिरकले नसते, ते आपल्या क्लबच्या मैदानावर पाऊल ठेवायला मिळतंय म्हणून आले. कोपनहेगनमध्ये आठ हजारांहून अधिक लोकांचा पंचवीस वर्षांपर्यंत मागोवा घेतला, त्यात टेनिस, बॅडमिंटन आणि फुटबॉल खेळणाऱ्यांचं आयुर्मान एकट्यानं धावणाऱ्या किंवा जिममध्ये जाणाऱ्यांपेक्षा जास्त दिसलं. तो निरीक्षणाचा अभ्यास आहे, खेळामुळेच आयुष्य वाढलं असं त्यातून सिद्ध होत नाही. जे लोक चार माणसांत रमतात ते मुळातच बरे राहत असतील. तरीही निवृत्तीनंतर ज्यांचं बोलणं घरातल्या घरात आटत जातं अशी माणसं मी रोज बघतो, आणि माझ्या लेखी त्यांना संघात परत आणणं हे औषधाइतकं महत्त्वाचं आहे.

वॉकिंग फुटबॉल इंग्लंडमधल्या चेस्टरफील्ड या गावात २०११ मध्ये सुरू झाला. तिथल्या फुटबॉल क्लबच्या सामाजिक कामाच्या ट्रस्टनं पन्नाशीपुढच्या पुरुषांना घराबाहेर काढायला हा खेळ बसवला. पुढे तो इंग्लंडभर पसरला आणि आता त्याचे आंतरराष्ट्रीय सामनेही होतात. नियम थोडे आहेत. कुणी पळायचं नाही, चेंडू जवळ असो वा नसो. एक पाऊल कायम जमिनीला टेकलेलं हवं. चेंडू डोक्याच्या उंचीवर उडवायचा नाही, म्हणजे हेडिंगही आपोआप गेलं. अंगाला अंग भिडवायचं नाही, मागून पाय घालायचा नाही, घसरून चेंडू काढायचा नाही. फ्री किक थेट गोलमध्ये मारायची नाही. चेंडू बाहेर गेला तर हातानं फेकण्याऐवजी पायानं आत ढकलायचा. एका बाजूला पाच किंवा सहा जण, मैदान लहान, गोल लहान. बदली खेळाडू कितीही आणि कितीही वेळा.

ऐकायला हे मिळमिळीत वाटतं. अण्णांनाही वाटेल, आणि ते पहिल्यांदा नाक मुरडतील तेव्हा वाद घालू नका. दहा मिनिटं खेळून बघू द्या. पळता येत नाही म्हटल्यावर बचाववाल्याला चुकवायला वेग उरत नाही, मग पास द्यावा लागतो, आणि पास घ्यायला मोकळी जागा आधीच हेरून तिथं जाऊन उभं राहावं लागतं. ज्याला खेळ वाचता येतो तो इथं राजा. तीस वर्षं बाहेर बसलेल्या जुन्या विंगरचा पहिला स्पर्श अजून मऊ असतो, आणि तो सगळ्यांना दिसतो. नाडी चांगलीच वर जाते, घाम निथळतो. सारखं वळणं, थांबणं, बाजूला सरकणं, एका पायावर उभं राहून दुसऱ्यानं चेंडू अडवणं चालू असतं, त्यामुळे तोलाचा व्यायाम खेळता खेळता होऊन जातो. नुसत्या सरळ चालण्यात हा भाग येत नाही.

एक सूचना इथं कळकळीनं करतो, कारण सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. ‘न पळण्याचा’ नियम मित्रामित्रांच्या भरवशावर सोडू नका. आपलं कोल्हापूर फुटबॉलवेडं आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांचा सामना बघत वाढलेली ही माणसं, तालीम मंडळाचा रंग त्यांच्या रक्तात आहे. १-१ असताना समोर चेंडू सुटला की कुणालाही नियम आठवत नाही. म्हणून शिट्टी बाहेरच्या माणसाच्या हातात द्या, खेळणाऱ्याच्या नको. एखादा तरुण नातू किंवा क्लबचा पोरगा चालेल, फक्त त्याला आधी सांगून ठेवा की तू काकांना, मामांना भिऊ नकोस. तो पायाकडे बघेल, चेंडूकडे नाही. दोन्ही पाय हवेत गेले की शिट्टी आणि चेंडू दुसऱ्या बाजूला. तिसऱ्यांदा पळाला तर दोन मिनिटं बाहेर. पहिले चार-पाच दिवस शिट्टी सारखी वाजेल, कुरबूर होईल. ‘मी पळालो न्हाई, भरभर चाललो’ हे वाक्य तुम्हाला शंभरदा ऐकायला मिळेल. शिट्टीवाला ठाम राहिला तर दोन आठवड्यांत सगळ्यांचे पाय सवयीला येतात. तो ढिला पडला तर तिसऱ्या आठवड्यात कुणाची तरी पोटरी जाते आणि त्याच दिवशी तो गट मोडतो. असे मोडलेले गट मी पाहिलेत.

शिट्टीचं काम हलकं करायला दोन गोष्टी उपयोगी पडतात. एक म्हणजे चेंडू. नेहमीचा पाच नंबरचा फुगवलेला चेंडू टर्फवर टणाटण उडतो, लांब पळतो, आणि माणूस त्याच्यामागे. त्याऐवजी कमी उसळणारा चार नंबरचा फुटसालचा, म्हणजे छोट्या मैदानावरच्या इनडोअर फुटबॉलचा चेंडू घ्या, तो पायाजवळ राहतो. दुसरी, एका खेळाडूनं चेंडूला सलग तीनच स्पर्श करायचे आणि पास द्यायचा, असं ठरवून टाका. एकट्यानं चेंडू घेऊन सुटायचा मोहच राहत नाही, आणि संघातल्या सगळ्यात हळू माणसाच्या वाट्यालाही खेळ येतो. गट टिकायचा तर हे दुसरं फार महत्त्वाचं.

दुसरे खेळ का नाही, असं मित्रांपैकी कुणीतरी विचारेलच. बॉक्स क्रिकेट सगळ्यात सोपं वाटतं, पण साठीपुढच्या माणसाला मी ते शेवटी सुचवीन. त्यात बराच वेळ उभं राहायचं, अंग थंड पडतं, आणि मग एका चोरट्या धावेसाठी पूर्ण ताकदीनं पळायचं. पोटरी आणि मांडीची मागची शीर फाटायला याहून चांगली परिस्थिती नाही. व्हॉलीबॉलमध्ये उडी आणि उडीनंतरचं उतरणं. डबल्स बॅडमिंटन चांगला, पण पुढे झेपावताना तीच पोटरी ताणते. गुडघे फार कुरकुरणाऱ्यांना थ्रोबॉल जमतो. कबड्डीबद्दल बोलायलाच नको.

आता मैदानात पाऊल ठेवण्याआधीची कामं. अण्णांना मधुमेह आहे आणि सध्या ते काहीच व्यायाम करत नाहीत, म्हणजे डॉक्टरांची परवानगी हवीच. स्वस्थ पडून काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा असूनही तो नॉर्मल येऊ शकतो. ट्रेडमिलवरची तपासणी लागते का, ते डॉक्टर ठरवतील. त्यांना खरं सांगायला मात्र हवं: चढ चढताना छातीत दाब येतो का, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ जाते का, पूर्वीपेक्षा लवकर धाप लागते का, कधी डोळ्यांपुढे अंधारी आली का. आपली माणसं हे सगळं ‘गॅस झालाय’ म्हणून दडवतात. अण्णांच्या शेजारी बसून ताईंनी स्वतः सांगावं. खेळाच्या दिवशी बसून मोजलेलं बीपी वरचं १८० किंवा खालचं ११० च्या वर असेल तर त्या दिवशी खेळ बंद.

गोळ्यांची चिठ्ठी मला बघायला आवडेल, कारण त्यातल्या काही गोळ्या खेळताना वेगळ्या वागतात. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल अशा गोळ्यांनी नाडी वाढू दिली जात नाही, म्हणून मनगटावरच्या घड्याळातला आकडा बघून जोर ठरवू नका. बोलून बघा: पूर्ण वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, एवढा जोर बरोबर. दोन शब्दांत दम लागला तर बाहेर या. लघवीच्या तक्रारीसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल तर खेळता खेळता एकदम थांबल्यावर बीपी खाली येऊन चक्कर येऊ शकते, म्हणून शेवटची शिट्टी झाली की पाच मिनिटं रमतगमत चालायचं, लगेच बाकावर बसायचं नाही. साखरेसाठी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन असेल तर खेळण्याआधी साखर मोजा. ९० च्या खाली असेल तर आधी एक केळं खा, पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा मोजा. खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोज असू द्या, आणि ती कुठल्या खिशात आहे हे एका मित्राला ठाऊक असू द्या. साखर २५० च्या वर असेल आणि अंग बरं वाटत नसेल तर त्या दिवशी खेळू नका. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तेही गटाला माहीत हवं.

या परवानग्या होईपर्यंत पोटरी तयार करायला सहा आठवडे द्या. दुखापतीला दोन महिने झालेत, म्हणजे दुखणं गेलं असेल, ताकद आलेली नसते. पहिले दोन आठवडे ओट्याला किंवा भिंतीला हात टेकून दोन्ही टाचा सावकाश वर, तीन मोजेपर्यंत थांबायचं, आणि तितक्याच सावकाश खाली. पंधरा पंधराचे तीन फेरे, एक दिवसाआड. हेच खुर्चीत बसून, मांडीवर पाण्यानं भरलेली कळशी ठेवूनही करायचं, कारण गुडघा वाकलेला असताना पोटरीतला खोल स्नायू काम करतो, आणि चालीच्या खेळात तोच जास्त राबतो. तिसऱ्या आठवड्यापासून जिन्याच्या पायरीच्या कडेवर उभं राहून, टाच पायरीच्या खाली नेत. पाचव्यापासून एका पायावर. माझा स्वतःचा निकष असा: दुखऱ्या पायावर पूर्ण उंचीच्या पंधरा टाचा न थांबता जमल्या, आणि दोन्ही पायांत दोनपेक्षा जास्त फरक राहिला नाही, की चेंडू. दहाव्यालाच टाच अर्धी वर जाऊ लागली तर ती मोजायची नाही. अण्णा मोजतील, म्हणून मोजायला ताईंनी किंवा नातवानं बसावं.

गुडघ्यासाठी तालमीतल्या पूर्ण बैठका नकोत. खुर्चीवरून हात छातीवर बांधून उठायचं-बसायचं. तीस सेकंदांत किती वेळा जमतं ते मोजा. साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषाला चौदापेक्षा कमी जमलं तर पाय वयाच्या मानानं अशक्त आहेत असं समजतात. बसताना धपकन बसायचं नाही, खाली येतानाचं नियंत्रण हेच जिना उतरतानाचं दुखणं कमी करतं. एका पायावर दहा सेकंद उभं राहता येतं का, तेही बघा. २०२२ मध्ये ब्राझीलमधल्या सतराशे लोकांच्या अभ्यासात, ज्यांना ते जमलं नाही त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. घाबरायचं कारण नाही, त्यात इतर आजारांचाही हात असतो, पण तोल सरावानं सुधारतो आणि दात घासताना रोज सराव होऊ शकतो. वजनाचं म्हणाल तर गुडघेदुखीच्या माणसानं एक किलो कमी केलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं उतरतो. खेळानंतर मिसळ होणार, ती मी बंद करायला सांगत नाही. ती रोजची होऊ नये, आणि तिसरा पाव नको.

गुडघा खेळल्यानंतर थोडा दुखला तर घाबरून खेळ सोडू नका. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ववत झाला तर ते दुखणं चालतं. सुजला, किंवा चोवीस तासांनंतरही वाढलेलंच असेल, तर पुढच्या वेळी निम्मा वेळ खेळा. ‘गुडघा झिजलाय, वापरू नका’ हा समज अजून घराघरात आहे. झिजलेल्या गुडघ्याला बळकट मांडी आणि हालचाल हाच पहिला उपचार आहे.

मैदानावरचा वेळ असा वाटून घ्या: पंधरा मिनिटं अंग गरम करायला, मग आठ-आठ मिनिटांचे चार डाव, मध्ये तीन-चार मिनिटं पाणी, आणि शेवटी ते रमतगमत चालणं. आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन दिवस सोडून. अंग गरम करताना जागेवर उड्या नकोत. चालत गुडघे उचलणं, आडवं चालणं, टाचांवर आणि चवड्यांवर चालणं, आणि शेवटी जोडी जोडीनं पास. उलटं चालायचा सरावही आधी करून घ्या, कारण या खेळात माणसं पडतात ती बहुधा मागे सरकताना. बूट टर्फचे, बारीक बारीक खुंट्यांचे. लांब स्टडचे जुने बूट कितीही जिव्हाळ्याचे असले तरी नकोत, पाय जमिनीत अडकतो आणि गुडघा वळतो. मधुमेह असल्यानं घरी आल्यावर मोजे काढून तळवे रोज बघायचे. पायाला बधिरपणा असेल तर फोड आलेला कळत नाही. चष्मा दुहेरी भिंगाचा असेल तर खाली पायाशी बघताना चेंडू आणि जमीन धूसर दिसते, म्हणून खेळायला फक्त दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या, दोरी लावून. मार्च ते मे दुपारी किंवा उन्हं असताना कृत्रिम टर्फवर जाऊ नका, ते हिरवळीपेक्षा कितीतरी जास्त तापतं. पावसाळ्यात ओल्या टर्फवर पाय सटकतो, जोराची सर आली तर त्या दिवशी गप्पा मारून घरी यावं.

गटातल्या किमान तिघांनी छाती दाबून प्राण वाचवण्याचं प्रशिक्षण घेतलेलं असावं. कुणी कोसळला, हाक मारून बोलत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर एकानं १०८ लावायचा, दुसऱ्यानं छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीनं, पाच-सहा सेंटीमीटर खोल दाबायला लागायचं, तिसऱ्यानं दारात उभं राहून रुग्णवाहिका आत आणायची. ती येईपर्यंत थांबायचं नाही, दमलात तर हात बदला. टर्फच्या मालकाला विचारा की हृदयाला विजेचा धक्का देणारं एईडी यंत्र जवळपास कुठं आहे. आसपास नसेल तर गटानं वर्गणी काढून घेतलेलं उत्तम. २०२१ च्या युरो स्पर्धेत कोपनहेगनला डेन्मार्कचा खेळाडू ख्रिस्तियान एरिकसन मैदानात कोसळला आणि वाचला, तो मैदानावरच लगेच छाती दाबली गेली आणि शॉक मिळाला म्हणून. तिथं तयारीत बसलेले डॉक्टर होते. आपल्या टर्फवर ते काम मित्रांनाच करायचं आहे.

ताईंनी शेवटी विचारलंय की मित्र म्हणतात, दिवाळीनंतर पेठापेठांत सामने लावू, त्यात अण्णांनी खेळावं का. पहिले सहा महिने नको. पंच बाहेरचा असला तरी प्रेक्षक आणि पेठेचा रंग आला की पायांवरचा ताबा सुटतो, आणि तो ताबा अजून पक्का व्हायचा आहे. आधी आपसांतच, दर वेळी चिठ्ठ्या टाकून संघ बदलत खेळा. सहा महिन्यांनी तो पंधरा टाचांचा निकष पुन्हा लावा, बीपी आणि तीन महिन्यांची साखर बघा, आणि मग लावा सामने. तेव्हा वयाची अट पन्नाशीपुढची ठेवा, साठीपुढच्यांचा गट वेगळा करा, आणि पळाल्याची शिक्षा खेळाडूबरोबर संघालाही द्या. अण्णांना सोमवारी गोळ्यांची चिठ्ठी, चष्मा आणि जुने बूट घेऊन पाठवा. पोटरी मी तपासतो, बुटांचं काय ते तिथंच ठरवू.